श्रीस्थानकाचे शिलाहार

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी जमीन खणताना मजुरांच्या हाती तांब्याचे जाड पत्रे लागले. किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला. तो पुरता उभा राहण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांकडे गेला. आज तिथे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. पत्र्यांवरची अक्षरं वाचता येणारा माणूस ठाण्यात नव्हता. जनरल कार्नाक यांनी तो मजकूर पंडितांकरवी उलगडून घेतला आणि त्याचं भाषांतर कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात, १७८८ मध्ये छापून आलं. भारतातल्या ताम्रपटांचा आधुनिक अभ्यास जिथून सुरू होतो, त्या अगदी सुरुवातीच्या पानांत ठाण्याचा हा लेख आहे.

लेख होता शक ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा. राजाचं नाव अरिकेसरी, घराणं शिलाहार. आज स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांना हे नाव विचारलं तर एखाददुसराच ओळख दाखवील. पण हिशेब मांडून पाहावा. मराठ्यांचा ठाण्यावरचा अंमल जेमतेम ३७ वर्षांचा. पोर्तुगीजांचा सुमारे दोनशे वर्षांचा. इंग्रजांचा १७३ वर्षांचा. शिलाहारांनी उत्तर कोकणावर राज्य केलं ते इ.स. ८०० च्या सुमारापासून १२६५ पर्यंत, साडेचारशे वर्षांहून अधिक. एवढा काळ एकाच कुळाने या खाडीकाठावर सत्ता टिकवल्याचं दुसरं उदाहरण नाही.

शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. समुद्रापासून कितीतरी दूर, घाटावरचं हे जुनं व्यापारी शहर आपलं मूळ गाव, असा त्यांचा अभिमान. कुळाची कथा ते जीमूतवाहन या विद्याधरापर्यंत नेत. गरुडाचं भक्ष्य ठरलेल्या शंखचूड नागाऐवजी जीमूतवाहन स्वतः वधशिळेवर जाऊन बसला, ही कथा श्रीहर्षाच्या ‘नागानंद’ नाटकामुळे संस्कृत जाणणाऱ्यांना परिचयाची आहे. आपण त्याचे वंशज असं सांगणाऱ्या या राजांच्या ध्वजावर मात्र सोन्याचा गरुड असे.

घराण्याच्या शाखा तीन. दक्षिण कोकणातली खारेपाटणच्या बाजूची, घाटावरची कोल्हापूर-पन्हाळ्याची आणि उत्तर कोकणातली ठाण्याची. दक्षिण कोकणची शाखा अकराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत संपली. कोल्हापूरच्या दुसऱ्या भोजाला देवगिरीच्या सिंघण यादवाने १२१२ च्या सुमारास पन्हाळ्यावर हरवलं आणि ती शाखा लयाला गेली. ठाण्याची शाखा त्यानंतरही अर्धशतक तगून राहिली.

सुरुवात झाली ती पहिल्या कपर्दीपासून. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या गोविंदाच्या कृपेने उत्तर कोकणचा कारभार त्याच्याकडे आला. त्याच्या नावावरून हा मुलूख ‘कपर्दिद्वीप’ किंवा ‘कवडीद्वीप’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढच्या ताम्रपटांत मुलखाचं वर्णन ‘पुरी-प्रमुख चौदाशे गावांचं कोकण’ असं येतं. पुरी नेमकी कोणती, घारापुरी की मुरूडजवळची राजपुरी, यावर संशोधकांत वाद आहे. ‘स्थानक’ किंवा ‘श्रीस्थानक’ म्हणजे ठाणं, याबद्दल मात्र कुणाला शंका नाही, आणि दहाव्या शतकाच्या अखेरीपासून राजे इथून दानपत्रं देताना दिसतात.

या राजवंशाचे सर्वात जुने लेख सापडतात ते शिवमंदिरात नव्हे, बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत. कपर्दीचा मुलगा पुल्लशक्ती, त्याच्या काळचा ८४३ चा लेख तिथे आहे. त्याच्या अमात्याने भिक्षुसंघाला रक्कम दिली, तिच्या व्याजातून लेण्याची डागडुजी व्हावी, भिक्षूंना वस्त्रं मिळावीत आणि ग्रंथ विकत घ्यावेत, अशी व्यवस्था लावली. नंतर दुसऱ्या कपर्दीच्या काळात थेट गौड देशातून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्मांची ठेव ठेवली. शैव राजा, बौद्ध मठ, बंगाली दाता आणि व्याजाचा चोख हिशेब. नवव्या शतकातलं ठाणे-साष्टी असं होतं. आज मुंबई महानगराच्या बहुरंगीपणाबद्दल बोलताना आपण इंग्रजांच्या काळापासून सुरुवात करतो. ती सुरुवात निदान नवव्या शतकापर्यंत मागे न्यायला हवी.

याला आणखी एक साक्षीदार आहे, तो बगदादचा. अरब प्रवासी अल-मसुदी ९१६ च्या सुमारास चौलला आला होता. तिथल्या राजाचं नाव त्याने ‘झंझ’ असं नोंदवलं. हा शिलाहार राजा झंझ. चौलमध्ये तेव्हा दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत, सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले आणि इथे जन्मलेलेही, आणि त्यांच्या तंट्याबखेड्यांसाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाच्या संमतीने नेमलेला असे, असं तो लिहितो. शिलाहारांच्या ताम्रपटांत राजाज्ञा ज्यांना उद्देशून असे, त्या नागरिकांच्या यादीत ‘हंयमन’ असा शब्द येतो. तो पारशांच्या अंजुमनचा असावा असं अनेक अभ्यासक मानतात. तोच झंझ शिवाची बारा देवळं बांधणारा म्हणून आपल्या वंशजांच्या लेखांत गौरवला गेला आहे.

बंदरांची जकात हा या राज्याचा कणा होता. चौल, सोपारे, ठाणे, संजाण ही बंदरं ज्याच्या हाती, त्याच्याकडे अरबस्तानचे घोडे आणि पश्चिमेचा पैसा येणार, आणि घाटावरच्या सम्राटाला घोडे तर हवेतच. त्यामुळे सम्राटाने कोकणच्या मांडलिकाला जपावं, मांडलिकाने सम्राटाचं नाव आपल्या ताम्रपटात घालावं, असा दोघांच्या सोयीचा व्यवहार शिलाहारांनी पावणेदोनशे वर्षं चालवला. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या दीर्घ राजवटीत त्यांनी स्वतंत्र होण्याची घाई केली नाही.

मग ९७३ साल आलं. चालुक्य तैलपाने शेवटचा राष्ट्रकूट सम्राट कक्कल याला हरवलं आणि मान्यखेटचं साम्राज्य कोसळलं. त्या वेळी उत्तर कोकणात अपराजित हा राजा होता. भिवंडी तालुक्यातल्या भादाणे गावाच्या दानाचा त्याचा ताम्रपट शक ९१९ चा, म्हणजे ९९७ चा आहे. स्थानकात मुक्काम असताना त्याने हे गाव लवणेतटावरच्या, म्हणजे लोनाडच्या, लोणादित्य या सूर्यदेवाच्या पूजेसाठी दिलं. ताम्रपटाची रचना मात्र मुलखावेगळी आहे. आपल्या कुळाचं गुणगान करण्याआधी अपराजित राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ सांगतो आणि त्यांची सत्ता आता केवळ आठवणीत उरली, अशी हळहळ व्यक्त करतो. पडलेल्या धन्यासाठी असं दुःख करणं राजकारणात फायद्याचं नव्हतं. चोवीस वर्षं उलटून गेली होती, नवा सम्राट बसलेला होता. तरीही त्याने ते तांब्यावर कोरून घेतलं. शिलाहारांच्या सगळ्या लेखांत हा लेख सर्वात माणुसकीचा वाटतो.

त्याच वेळी अपराजिताने नव्या चालुक्यांपुढे मान तुकवायचं नाकारून ‘पश्चिमसमुद्राधिपती’ असं बिरुद लावलं. इथून घराण्याचा वैभवाचा काळ सुरू होतो, आणि संकटांचाही. माळव्याच्या भोजाने कोकण जिंकल्याचा उत्सव १०२० मध्ये साजरा केला. त्या उत्सवाच्या निमित्ताने त्याने दिलेली दानपत्रं उपलब्ध आहेत. पाठोपाठ चालुक्य जयसिंहाने सप्तकोकणच्या अधिपतीला लुटल्याचं १०२४ च्या मिरज ताम्रपटात लिहिलं. दोन बलाढ्य राजांनी चार-पाच वर्षांत पायाखाली घातलेलं हे राज्य १०२६ मध्ये पुन्हा जमिनी दान देताना दिसतं.

ते दानपत्र भांडुपला सापडलं. राजा छित्तराज, अरिकेसरीचा पुतण्या. षट्षष्टी विषयातल्या, म्हणजे साष्टीतल्या, नौर गावचं एक शेत त्याने ब्राह्मणाला दिलं. नौर म्हणजे आजचं नाहूर. शेताच्या चतुःसीमा सांगताना दोन बाजूंना ‘राजपथ’ असल्याची नोंद आहे. लोकलने नाहूरवरून रोज जाणाऱ्या डोंबिवलीकराला हे ठाऊक असायला हवं, की त्या स्टेशनच्या नावाला किमान हजार वर्षांचा लेखी पुरावा आहे.

छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकापाठोपाठ एक गादीवर आले. लाट देशातला सोड्ढल हा कायस्थ कवी याच तिघांच्या आश्रयाला होता, आणि त्याने ‘उदयसुंदरीकथा’ हे संस्कृत चंपूकाव्य लिहिलं. पण तिघांची खरी आठवण आहे ती कल्याणच्या पुढे, वालधुनी नदीच्या काठावर.

अंबरनाथचं शिवमंदिर पाहायला लोक वर्षभर जातात, महाशिवरात्रीला तर रांगा लागतात. मंदिर पश्चिमाभिमुख. सभामंडप आणि गाभारा हे दोन चौरस कोपऱ्याला कोपरा लावून बसवल्यासारखे, त्यामुळे बाहेरची भिंत सतत आत-बाहेर वळत राहते आणि प्रत्येक वळणावर मूर्तीला जागा मिळते. गजासुराचा संहार करणारा शिव, चामुंडा, ब्रह्मदेव, आणि त्यांच्या खाली हत्तींच्या आणि माणसांच्या ओळी. गाभारा मंडपाच्या पातळीपासून बराच खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. वर शिखराचा माथा नाही, आकाश दिसतं. माळव्यात आणि महाराष्ट्रात पुढे बहरलेल्या भूमिज शैलीची जी सर्वात जुनी मंदिरं आज उभी आहेत, त्यांत अंबरनाथची गणना होते. दगड आहे तो इथलाच काळा बेसाल्ट, कोरायला कठीण आणि पावसात टिकायला बळकट. अशा दगडात एवढं नाजूक काम करणाऱ्या कारागिरांची नावं कुठे कोरलेली नाहीत, राजाची आणि अमात्यांची आहेत.

ती आहेत उत्तरेच्या दारावरच्या तुळईवर, आतल्या अंगाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा शक ७८२ असा आकडा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो शक ९८२ असल्याचं दाखवून दिलं. श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार, म्हणजे इ.स. १०६० चा सुमार. दोनशे वर्षांचा फरक एका आकड्याने पडला होता. लेखात महामंडलेश्वर माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी याचं नाव, त्याच्या मंत्र्यांची नावं आणि छित्तराजाच्या ‘भवना’चा उल्लेख आहे. थोरल्याने आरंभलेलं काम धाकट्याने पुरं केलं, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. १८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेची मंडळी इथे येऊन मूर्तींचे साचे, मोजमापं आणि चित्रं करून गेली. भारतातल्या मंदिराच्या अशा शिस्तशीर नोंदीच्या पहिल्या काही प्रयत्नांत याचा समावेश होतो.

स्थानिक कथा मात्र सांगते की हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, पहाट झाली आणि शिखर राहून गेलं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खिडकाळेश्वराचा संबंधही लोक पांडवांशीच जोडतात. लोककथेला तिची जागा आहे, ती खोडून काढायचं कारण नाही. पण अंबरनाथच्या तुळईवर तारीख, वार आणि मंत्र्यांसकट ज्याची नोंद आहे, त्याचं श्रेय त्याला मिळू नये, हे बरं नाही.

मुम्मुणीच्या शेवटच्या दिवसांत घराला वाळवी लागली. गोव्याच्या कदंबांनी आरमार उभं केलं होतं. कदंबांच्या ११२५ च्या नरेंद्र इथल्या लेखात एक देखणा प्रसंग रंगवला आहे. चट्टय्य, म्हणजे षष्ठदेव कदंब, नौकांचा ताफा घेऊन निघाला, त्याची कीर्ती ऐकून ठाण्याच्या मुम्मुरीने, म्हणजे मुम्मुणीने, त्याला आपल्या महालात नेलं, मुलगी दिली आणि वर सोन्याच्या नाण्यांची रास. वाक्यांचा सूर स्नेहाचा आहे, पण दारात उभ्या असलेल्या आरमारासमोर झालेलं ते लग्न आहे. त्यापुढच्या पिढीतल्या जयकेशीने तर कवडीद्वीपाच्या राजाला ठार मारल्याचा दावा त्याच लेखात आहे.

त्यातच भाऊबंदकी पेटली. नागार्जुनाचा मुलगा अनंतदेव याच्या १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात आप्तांच्या कलहामुळे देशावर आलेल्या आपत्तीचा आणि यवनांनी प्रजेला दिलेल्या त्रासाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यातून आपण मुलूख सोडवला असं तो सांगतो. राजघराणी आपल्या प्रशस्तीत घरातली भांडणं लिहीत नाहीत. इथे ती लिहावी लागली, म्हणजे ती किती उघड आणि किती विध्वंसक झाली असतील. याआधीही एकदा असं घडलं असावं. छद्वैदेव नावाचा राजा अपराजिताच्या आधी होऊन गेला, त्याचा स्वतःचा ताम्रपट आहे, पण नंतरच्या वंशावळींतून त्याचं नाव गाळलेलं आहे. पुतण्याची गादी त्याने बळकावली असावी, असा तर्क त्यावरून केला जातो.

घराणं पुन्हा उभं राहिलं ते पहिल्या अपरादित्यामुळे, आणि शिलाहारांत सर्वात मोठा कोण या प्रश्नाचं उत्तर द्यायचं झालं तर त्याचंच नाव घ्यावं लागेल. ११२७ चा त्याचा वडवली ताम्रपट सांगतो की छित्तुक्क नावाच्या शत्रूने राज्य गिळलं, सामंत फिरले, तेव्हा अपरादित्यापाशी एक घोडा, दोन बाहू आणि तलवार एवढंच उरलं होतं, आणि तेवढ्यावर त्याने मुलूख परत मिळवला. प्रशस्तीतली अतिशयोक्ती वजा केली तरी एवढं खरं, की त्याच्या आधी राज्य हातचं गेलं होतं आणि त्याच्यानंतर ते सव्वाशे वर्षं टिकलं.

पण तलवारीपेक्षा त्याची दुसरी कामगिरी मोलाची. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘अपरार्क’ ही प्रचंड टीका त्याच्या नावावर आहे. त्याच स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेच्या बरोबरीने धर्मशास्त्रात तिचा आधार घेतला जातो, आणि काश्मीरमध्ये तर ती शतकानुशतकं प्रमाण मानली गेली. कोकणातला ग्रंथ काश्मीरला कसा पोचला? याचा धागा मंखकवीच्या ‘श्रीकंठचरित’ या काव्यात मिळतो. काश्मीरमध्ये भरलेल्या विद्वानांच्या सभेत कोकणच्या अपरादित्याचा दूत तेजकंठ हजर असल्याचं मंख लिहितो. बाराव्या शतकात सोपाऱ्याच्या किनाऱ्यावरून एक पंडित हिमालयापर्यंत राजाचा प्रतिनिधी म्हणून जातो आणि तिथल्या सभेत त्याला आसन मिळतं. ठाणे जिल्ह्याच्या शाळांतल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. चार ओळींत सांगता येतं.

नंतरचा धक्का उत्तरेकडून आला. गुजरातच्या कुमारपाल चौलुक्याच्या दरबारात एका भाटाने ठाण्याच्या मल्लिकार्जुनाला ‘राजपितामह’, राजांचा आजोबा, असं म्हटलं आणि कुमारपालाला ते झोंबलं, अशी कथा मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त आहे. सेनापती आंबडाची पहिली स्वारी नदी उतरताना फसली. दुसऱ्या स्वारीत मल्लिकार्जुन मारला गेला आणि ते बिरुद आंबडालाच मिळालं. ‘पृथ्वीराजविजय’ काव्य मात्र मल्लिकार्जुनाला मारण्याचा मान चौहान सोमेश्वराला देतं. दोन दरबार एकाच डोक्यासाठी भांडत होते, यावरून ठाण्याच्या राजाचं वजन लक्षात येतं.

मल्लिकार्जुन पडला, तरी गादी राहिली. दुसरा अपरादित्य, मग केशिदेव. कल्याण आणि भिवंडीच्या मधलं लोनाड या काळात पुन्हा पुन्हा भेटतं. अपरादित्याचा ११८४ चा शिलालेख तिथे आहे, आणि जवळच्या चौधरपाड्याला केशिदेवाचा शक ११६१ चा, शिवरात्रीच्या दिवशी कवी सोमन याला ब्रह्मपुरी गाव दिल्याचा. लोनाडला त्याआधीचं लेणंही आहे आणि एक पडझड झालेलं सुंदर शिवमंदिरही. आज भोवती गोदामांचा वेढा आहे.

या काळातल्या शिळांवर वर सूर्य-चंद्र, मध्ये लेख आणि खाली गाढव आणि स्त्री असं चित्र कोरलेलं दिसतं. गावकरी त्याला गधेगाळ म्हणतात. दान दिलेली जमीन कुणी बळकावली तर त्याच्या घराण्याला लागणारी ती अभद्र शिवी आहे. परळचा अपरादित्याचा ११८७ चा लेख संस्कृतात आहे, पण त्यातली ही शापवाणी त्या वेळच्या मराठीत. दानाची भाषा पंडितांची, धाकाची भाषा गावाची. मराठीच्या जुन्या लेखांचा शोध घेणाऱ्याला म्हणूनच शिलाहारांच्या दारात यावं लागतं. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेखही केशिदेव याच नावाच्या राजाचा आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो १०१२ चा, म्हणजे मराठीतल्या सर्वात जुन्या कोरीव लेखांतला.

शेवट झाला तो सोमेश्वराच्या काळात. देवगिरीचे यादव शंभर वर्षांत घाटावर सर्वसत्ताधीश झाले होते. पूर्वी कोकणावर चाल करून आलेले सम्राट खंडणी घेऊन परत जात. महादेव यादवाला मात्र किनाराच हवा होता. त्याने हत्तींचं दळ खाली उतरवलं. जमिनीवर टिकाव लागेना तेव्हा सोमेश्वराने जुना मार्ग धरला, समुद्राचा. पण यादव तिथेही मागे आले. महादेवाचा मंत्री हेमाद्री, ‘चतुर्वर्गचिंतामणी’चा कर्ता, लिहितो की सोमेश्वराने महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा समुद्रातला वडवाग्नी बरा मानला. म्हणजे तो बुडाला. साल साधारण १२६५.

बोरिवलीच्या एकसर गावात सहा उंच वीरगळ आहेत. काहींवर हत्तींचं युद्ध, काहींवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा आणि पाण्यात पडणारी माणसं. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते ते याच शेवटच्या लढाईचं चित्रण. काही अभ्यासक ते अकराव्या शतकातल्या झुंजीचं मानतात. लढाई कुठलीही असो, मध्ययुगीन नाविक युद्ध दगडात इतक्या तपशिलाने दाखवणारी अशी शिल्पं देशात फार थोडी आहेत.

जिंकणाऱ्यांनाही हा किनारा फार काळ लाभला नाही. रामचंद्र यादवाचे १२७२ आणि १२९० चे ताम्रपट ठाण्यातच सापडले. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला आणि १३१८ पर्यंत यादवांचं राज्य पुसलं गेलं.

शिलाहार समुद्रात गेले त्याच वर्षांत युरोपातलं एक बलाढ्य घराणंही संपत होतं. होहेनस्टाउफेन. ११३८ पासून जर्मनीच्या राजगादीवर, नंतर सिसिलीवरही. बार्बारोसा म्हणून गाजलेला पहिला फ्रेडरिक ११९० मध्ये धर्मयुद्धाच्या वाटेवर नदीत बुडाला. त्याचा नातू दुसरा फ्रेडरिक अरबी जाणणारा, बहिरी ससाण्यांवर ग्रंथ लिहिणारा विद्वान सम्राट. अपरादित्याशी त्याचं नातं सहज जुळावं असा. त्याचा मुलगा मॅनफ्रेड १२६६ मध्ये बेनेव्हेंतोच्या लढाईत पडला आणि घराण्याचा शेवटचा वारस, सोळा वर्षांचा कॉनरॅडिन, याचा २९ ऑक्टोबर १२६८ रोजी नेपल्सच्या बाजारचौकात शिरच्छेद झाला. सोमेश्वरानंतर अवघ्या तीन वर्षांनी. राजसत्ता म्हणून या घराण्याचं आयुष्य शिलाहारांच्या एकतृतीयांशही नाही.

फरक पुढे आहे. १९७७ मध्ये श्टुटगार्टला होहेनस्टाउफेन काळावर प्रदर्शन भरलं, ते पाहायला सहा लाखांहून अधिक माणसं आली. २००० सालापासून त्या घराण्याशी संबंधित गावोगावी दगडी स्मृतिस्तंभ उभे राहिले. त्याच १९७७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मिराशींचा शिलाहारांच्या सर्व लेखांचा खंड प्रसिद्ध केला. त्याआधी १९७४ मध्ये त्यांनी शिलाहारांचा इतिहास आणि लेख मराठीतही दिले होते. आयुष्याची ऐंशी वर्षं ओलांडलेल्या एका संशोधकाने तीन शाखांचे विखुरलेले ताम्रपट आणि शिळा एकत्र वाचून काढल्या. ते ग्रंथ ग्रंथालयांत आहेत. त्यांच्यातून ठाण्यात एखादं शिलाहार संग्रहालय मात्र आजवर उभं राहिलेलं नाही.

जे आहे ते रोजच्या वापरात आहे, आणि हीच त्यातली आशेची गोष्ट. मासुंदा तलावाकाठच्या कौपिनेश्वराच्या स्थानाचं मूळ परंपरा शिलाहारांपर्यंत नेते. आजचं देऊळ १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. तिथे सोमवारी गर्दी असते. अंबरनाथ पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, अलीकडे मंदिराच्या आवारात कला महोत्सव भरतो. पण त्याच मंदिराला लागून वाहणाऱ्या वालधुनीत कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी इतकी वर्षं मिसळत आलं आहे, की नदीकाठी उभं राहणं नकोसं होतं. हजार वर्षांच्या दगडाला पावसाने केलं नाही ते दूषित हवा आणि पाणी करू शकतं. मंदिराचं संरक्षण करायचं तर नदीपासून सुरुवात केली पाहिजे.

दुसरा धोका जास्त गुपचूप आहे. ठाणे, भिवंडी, कल्याण, शहापूर, मुरबाड या पट्ट्यात महामार्ग, मेट्रो, गोदामं आणि गृहसंकुलांसाठी आज जितकी जमीन खोदली जाते तितकी इतिहासात कधी खोदली गेली नव्हती. भादाणे, लोनाड ही ताम्रपटांतली गावं याच खोदाईच्या पट्ट्यात येतात. वीरगळ आणि गधेगाळ गावच्या वेशीवर, तळ्याच्या काठी, पाराखाली उभे असतात. कुणी शेंदूर फासलेले, कुणी कपडे धुण्यासाठी आडवे घातलेले. यंत्राच्या फावड्यासमोर असा दगड आला की राडारोड्याच्या ट्रकमध्ये जायला त्याला पाच मिनिटं लागतात.

कायदा जुना आणि स्पष्ट आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. कोरीव दगडाच्या बाबतीत राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालय संचालनालयाला कळवता येतं. तेव्हा कल्याण-डोंबिवली-ठाण्यातल्या वाचकांनी, विशेषतः ठेकेदार, अभियंते, सरपंच आणि शाळामास्तर यांनी एवढं करावं: खोदाईत किंवा गावाच्या वेशीवर सूर्य-चंद्र, जहाज, हत्ती किंवा जुनी अक्षरं कोरलेला दगड दिसला, तर तो हलवू नये, त्यावर रंग, शेंदूर, सिमेंट लावू नये, जागेसह छायाचित्र काढावं आणि तहसीलदारांना त्याच दिवशी लेखी कळवावं.